शून्य आणि न वाचलेला आकडा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘यंत्र आकडा कसा वाचते आणि वाचताना कसे चुकते.’ त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत उभा जन्म काढलेल्या माणसाने मजुरीवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे, ही अपेक्षा रास्तच होती. तर पहिल्यानेच सांगून टाकतो की आम्ही आज मजुरीवरच बोलणार आहोत. फक्त मजुरी आता वहीतून हातात येत नाही. मध्ये एक यंत्र बसले आहे, आणि त्या यंत्राच्या पोटात शिरल्यावाचून मजुरीचा प्रश्न पुरता समजत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते मोंढ्यात, सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रीच्या गाडीत झाले. संगणकाची भाषा आम्हांला लिहिता येत नाही. वाचता येते, तीही ओळीखाली बोट ठेवून. तेव्हा सभेत कोणी इंजिनियर बसले असतील तर त्यांनी आमच्या चुका नंतर सांगाव्यात. आम्ही त्या लिहून घेऊ.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण नावाने काही साधत नाही. त्रेसष्ट माणसांची थकबाकी बऱ्याच खटपटीनंतर मंजूर झाली होती. त्यांत पाठीवर पोते वाहणारे हमाल होते, मापाडी होते, आणि आडतीवर तूर-हरभरा चाळणाऱ्या बाया होत्या. यादी संगणकावर चढली, छापून बाहेर आली, खाली सही-शिक्का झाला. यादीत एकोणीस जणांच्या नावापुढे शून्य होते. आठ जणांच्या नावापुढे एक रुपया होता. बाकीच्यांचे बरोबर होते.

चाळणीवर काम करणाऱ्या एका बाईंना एक हजार दोनशे पन्नास यायचे होते. त्यांच्या नावावर एक रुपया जमा झाला. त्या आमच्याकडे आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, “भाऊ, हा रुपया कशाचा?” ज्यांना शून्य आले त्यांना निदान राग तरी येऊ शकत होता. हा एक रुपया मात्र कोणालाच समजेना. कचेरीत विचारले तर उत्तर मिळाले की संगणकाने दाखविले तेच खरे.

आता आमची चूक सांगतो. संघटनेच्या माणसाला पहिला संशय येतो तो माणसाचाच. यादी टंकणारा जो कारकून होता त्याने पैसे खाल्ले, असे आम्ही भर बैठकीत बोललो. मोर्चाची तारीखही ठरविली. तो कारकून गरीब घरचा, हंगामी नोकर. दोन महिने तो मोंढ्याच्या वाटेने गेला नाही. पुढे खरे कारण कळले तेव्हा आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पण त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले नाही. ही गोष्ट आमच्या मनातून गेलेली नाही. आजचे व्याख्यानही खरे म्हणजे तिच्यामुळेच आहे.

खरे कारण कळले ते आमच्याच एका मापाड्याच्या मुलामुळे. तो पुण्याला प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीवर आहे. दिवाळीला गावी आला असता त्याने ती यादी पाहिली आणि तो हसला. म्हणाला, “काका, हे कोणी खाल्लेले नाही. हे वाचताच आलेले नाही.” ज्यांनी प्रोग्राम लिहून दिला होता त्यांनी तेवढा भाग त्याला मोकळेपणाने दाखविला, हे त्यांच्या पदरात घातले पाहिजे. त्या मुलाने चार संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून आम्हांला जे शिकविले ते थोडक्यात असे.

संगणकाला आकडा दिसत नाही, खुणा दिसतात. प्रत्येक खुणेला एक क्रमांक दिलेला असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, एकाचा ४९, असे करीत नवाचा ५७. यंत्र ती खूण उचलते, तिच्या क्रमांकातून ४८ वजा करते, आणि जे उरते तो अंक. मग आधीच्या बेरजेला दहाने गुणायचे आणि नवा अंक मिळवायचा. ‘एक, दोन, पाच, शून्य’ अशा खुणा आल्या की एक, मग बारा, मग एकशे पंचवीस, मग एक हजार दोनशे पन्नास. आपण लहानपणी पाटीवर हेच करीत होतो, फक्त आपल्याला कळत नव्हते.

आता गंमत पाहा. आपल्या देवनागरी अंकांचे क्रमांक वेगळे आहेत. जगातल्या साऱ्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यात मराठी शून्य २४०६ वर आहे आणि नऊ २४१५ वर. म्हणजे ‘२६’ असे मराठीत टंकले तर तुम्हांला-आम्हांला सव्वीस दिसतात, पण जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला त्यात अंक म्हणून काही दिसतच नाही. पायथॉन, जावा अशा काही भाषा देवनागरी अंक समजून घेतात. सी नावाची जी जुनी भाषा आहे, तिच्यात अक्षरांचा आकडा करण्याचे ‘ए टू आय’ नावाचे एक फार जुने हत्यार आहे. त्याचा स्वभाव असा की पहिल्याच खुणेला अंक सापडला नाही तर ते ‘मला वाचता आले नाही’ असे म्हणत नाही. ते शून्य देते.

आणि अंक वाचता वाचता मध्ये भलतीच खूण आली तर ते तिथेच थांबते, जेवढे वाचले तेवढे देते, आणि उरलेले टाकून देते. आपण हजाराच्या पुढे स्वल्पविराम देतो. त्या बाईंच्या नावापुढे एक, स्वल्पविराम, दोन, पाच, शून्य असे टंकलेले होते. यंत्राने ‘एक’ वाचला, स्वल्पविराम पाहिला आणि ते थांबले. तो रुपया इथून आला. एकोणीस जणांचे आकडे त्या कारकुनाने मराठीत टंकले होते. मराठीत टंकणे हा त्याचा अपराध नव्हता. राज्याची राजभाषा मराठी आहे.

मंडळी, या साऱ्या प्रकरणात आम्हांला सर्वांत जाचले ते हे शून्य. शून्य म्हणजे ‘तुझे काही येणे नाही.’ न वाचता आलेला आकडा म्हणजे ‘तुझे किती येणे आहे ते मला कळले नाही.’ ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे ते मजुराला विचारा. पहिल्या वाक्याने हक्क संपतो, दुसऱ्याने चौकशी सुरू होते. आणि यंत्राने दुसऱ्याच्या जागी पहिले लिहिले, तेही बिनतक्रार, सहीसाठी तयार करून.

आम्ही त्या मुलाला विचारले, “अरे, पण इतकी शिकलेली माणसे तपासणी ठेवीत नाहीत काय?” तो म्हणाला, “काका, तपासणी होती की! पण ती घरातली. बाहेर पाठविताना काढून टाकतात.”

आम्हांला वाटले तो थट्टा करतो आहे. पण ती खरी रीत निघाली. प्रोग्राम लिहिणारा मध्ये मध्ये एक वाक्य घालून ठेवतो: ‘इथवर आलो तर ही खूण अंकच असली पाहिजे’, ‘ही बेरीज ह्या मर्यादेपलीकडे गेलेली नसलीच पाहिजे’. याला ते असर्शन म्हणतात. आपण तिला ग्वाही म्हणू. ग्वाही खोटी ठरली की प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो आणि कुठल्या ओळीवर बंद पडला ते सांगतो. चूक लपून राहत नाही. पण सी भाषेत अशी सोय आहे की माल तयार करताना एक शब्द आधी लिहिला की साऱ्या ग्वाह्या एकदम गळून पडतात. कारखान्यात चाचणी चालू असताना त्या जागच्या असतात, गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर नसतात. रस्ट नावाची अलीकडची भाषा आहे, तिच्यातही ‘फक्त चाचणीपुरती ग्वाही’ हा प्रकार मुद्दाम वेगळ्या नावाने ठेवलेला आहे. आमच्या प्रकरणात लिहिणाऱ्याने पहिली खूण अंक आहे ना, एवढीच ग्वाही घातली होती. चाचणी करताना सगळ्यांनी इंग्रजी अंकच टंकले, ग्वाही कधी खोटी ठरली नाही. बाहेर पाठविताना ती गळाली. आणि स्वल्पविराम तर तिच्या नजरेतही नव्हता, कारण ती पहिल्याच अक्षराकडे पाहत होती.

ग्वाही काढून का टाकतात? वेळ वाचावा म्हणून. एकेकाळी हे खरेही होते. ज्या काळात ही हत्यारे घडली त्या काळची यंत्रे मंद होती, स्मृती तुटपुंजी होती, प्रत्येक तपासणी महाग पडत होती. त्या कारागिरांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्रेसष्ट माणसांची यादी! आजचे यंत्र ती पापणी लवायच्या आत हजार वेळा तपासून मोकळे होईल. तेथे वेळ कुणाचा वाचविला आणि कशासाठी?

ग्वाहीची कल्पना तशी जुनी आहे. ॲलन ट्युरिंग हे इंग्रज गणिती आपल्यापैकी पुष्कळांना नावाने ठाऊक असतील. त्यांनी २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या परिषदेत, मोठा प्रोग्राम तपासावा कसा, यावर एक छोटेखानी निबंध वाचला. त्यांनी उदाहरण घेतले ते साध्या बेरजेचे. आम्ही ते मोंढ्याच्या भाषेत सांगतो. चार दिवसांची पोती अशी: १२७५, ९८६, १४३० आणि ११०९. बेरीज ४८००. नुसते उत्तर दिले तर तपासणाऱ्याला सगळे डोक्यात धरून पुन्हा करावे लागते, कारण हातचे कुठेच लिहिलेले नाहीत. पण एककाची बेरीज २०, दशकाची १८, शतकाची १६, हजाराची ३ अशी खाली मांडून ठेवली, तर चार माणसे चार रकाने वेगवेगळे तपासू शकतात, आणि शेवटी एक छोटी बेरीज उरते. मधल्या टप्प्यावर काय खरे असले पाहिजे ते लिहून ठेवा, म्हणजे तपासणी तुकड्यातुकड्यांत होते, असे ट्युरिंगांचे म्हणणे. प्रोग्रामच्या पोटात घालायच्या ग्वाहीचे मर्म एवढेच आहे. आमच्या संघटनेच्या हिशेबनिसाला आम्ही हे दाखविले तर तो म्हणाला, “हे तर आमचे वडील करीत होते.” करीत असतील. पण वडिलांनी निबंध लिहिला नाही.

पुढे १९७३ साली होअर नावाच्या विद्वानाने ग्वाह्या काढून टाकण्याच्या ह्या रिवाजावर चांगलाच टोमणा मारला. त्याचा आशय असा की नाव वल्हवायला शिकताना कोरड्या जमिनीवर तरंगण्याचे जाकीट घालायचे, आणि समुद्रात उतरताना ते काढून ठेवायचे, असा माणूस शहाणा म्हणावा काय? आपल्याकडे पोरे विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला भोपळा किंवा डबा बांधतात. विहिरीत बापाचा हात जवळ असतो. मांजरेला पूर आला असता ह्या काठावरून त्या काठाला जायचे तेव्हा भोपळा घरी ठेवून निघाला तर त्याला काय म्हणाल?

मोठ्या मोठ्यांनीही हे केले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या देशांनी आरियान-५ हे नवे अग्निबाण-यान सोडले. उड्डाणानंतर पुरे एक मिनिटही झाले नाही तोच ते वाट सोडून फुटले. कारण शोधता असे निघाले की आतल्या प्रोग्रामात एक मोठा दशांश आकडा लहान घरात बसवायचा होता. त्या घरात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. आधीच्या आरियान-४ मध्ये तो कधी तेवढा वाढत नसे, नव्या यानात वाढला. अशा सात जागा धोक्याच्या म्हणून आधीच हेरलेल्या होत्या. त्यांतल्या चार जागांना तपासणीचे कुंपण घातले आणि तीन मोकळ्या ठेवल्या, कारण यंत्रावरचा भार शेकडा ऐंशीच्या आत राखायचा होता. मोकळ्या ठेवलेल्यांपैकीच एक फुटली.

ह्या उदाहरणाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. त्या यानात आकडा मावला नाही हे यंत्राला कळले होते. कळल्याबरोबर त्याने काय केले? स्वतःला बंद केले. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रात तोच प्रोग्राम होता, तेही तसेच बंद पडले. म्हणजे चूक सापडली की थांबा, एवढे सांगून भागत नाही. आमच्या क्षेत्रातला दाखला द्यायचा तर काम टाकून निघून जाणे म्हणजे संप नव्हे. संपाला नोटीस लागते, मागणी लागते, कोणाशी बोलायचे ते ठरलेले लागते. नुसते बंद पडणारे यंत्र हे नोटीस न देता गायब होणाऱ्या पुढाऱ्यासारखे असते.

येथे थोडे आपल्या मुलखाकडे येऊ. हे उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू ह्या चारही बोली आपल्या बाजारात चालतात, आणि जुन्या कागदांत अंकही नाना लिप्यांचे सापडतात. उर्दूतले पाच पाहिले तर मराठी माणसाला ते शून्य वाटते, आणि उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी एक घाईने लिहिला तर इंग्रजी नऊ होतो. मराठी सात हा इंग्रजी सहा दिसतो. शिवाय फारसी वळणाचे सियाक म्हणून रकमा लिहिण्याचे निराळेच आकडे दफ्तरात वापरीत. ते वाचणारी माणसे आता थोडीच उरली आहेत, पण मौज अशी की २०१८ साली युनिकोडने हिंदुस्थानी सियाक अंकांनाही क्रमांक देऊन ठेवले आहेत.

इतक्या गोंधळात ज्या कारकुनांनी खते लिहिली ते काही भोळे नव्हते. शंभर रुपयांचे खत असेल तर आकड्यात शंभर, अक्षरी शंभर, आणि वर ‘याचे निमे पन्नास’ असेही लिहायचे. उर्दू खतात हेच ‘निस्फ’ म्हणून येते. कोणी मागाहून शंभराला एक शून्य जोडले तर निमे पाचशे व्हायला पाहिजे, पण तेथे पन्नास लिहिलेले! खाडाखोड तिथेच उघडी पडते. आणि शेवटी ‘फक्त’. हा ‘फक्त’ नम्रतेने लिहिलेला नाही. आकडा येथे संपला, पुढे काही नाही, अशी ती कुंपणाची काठी आहे. आमच्या बाईंचा एक रुपया ज्या चुकीने झाला ती चूक ‘फक्त’ने अडली असती, कारण यंत्राला विचारावे लागले असते की तुझे वाचन संपले तेथे आकडाही संपला होता काय? आणि ही तपासणी खताच्या अंगावरच लिहिलेली असे. खत कुठेही गेले, कोणाच्याही पेटीत पडले, तरी निमे आणि फक्त त्याच्याबरोबर जात. गिऱ्हाइकाला देताना ते पुसून देत नव्हते.

त्याच जातीची एक नवी युक्ती प्रत्येकाच्या खिशात आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा पडताळ्याचा आहे. व्हर्होफ नावाच्या डच गणित्याने १९६९ साली दाखविलेल्या रीतीने तो काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले तर तो पडताळा जुळत नाही. जुन्या पंतोजींचा नऊ टाकून पडताळा पाहण्याचा हिशेब इथे कमी पडतो, कारण ५४३६ आणि ५४६३ यांची अंकबेरीज एकच, अठरा. अर्थात पडताळा जुळला म्हणजे क्रमांक त्याच माणसाचा आहे असे ठरत नाही. क्रमांक धडका लिहिला आहे, एवढेच ठरते.

तर मग त्या मुलाने दुरुस्ती काय केली? त्याने आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि आमच्या मते सगळे शहाणपण ह्या वेगळे करण्यात आहे. बाहेरून जे येते, म्हणजे कारकुनाने टंकलेला आकडा, त्यात चूक असणारच. ती चूक प्रोग्रामाची नव्हे, आणि प्रोग्रामाने तिच्यासाठी कोसळून पडण्याचे कारण नाही. तेथे ग्वाही नको, दारावरचा पहारा पाहिजे. तो चाचणीत असेल, गिऱ्हाइकाकडे असेल, रात्री-अपरात्री असेल, कधीच काढायचा नाही. त्याने चुकीचा आकडा अडवून नम्रपणे सांगायचे की अमुक ओळ, अमुक रकाना, असे असे लिहिलेले आहे, मला वाचता आले नाही. नवी हत्यारे याला सोयीची आहेत. सी प्लस प्लस भाषेत २०१७ पासून असे हत्यार आहे की ते आकडा देते, वाचन कुठे संपले ते दाखविते आणि चूक झाली असेल तर तिचे नावही वेगळे सांगते. रस्टमध्ये तर आकडा आणि ‘वाचता आले नाही’ हे दोन्ही एकाच पाकिटात घालून देतात. पाकीट फोडल्यावाचून आकडा हाती लागत नाही. शून्याच्या आड लपायला जागा उरत नाही.

आणि ग्वाही राहिली ती प्रोग्रामाच्या आतल्या वचनांसाठी: पहाऱ्यातून आत आलेला अंक शून्य ते नऊ यांतलाच आहे, गुणाकार घरात मावतो आहे, सर्व ओळींची बेरीज खालच्या बेरजेइतकी आहे. ह्या खोट्या ठरल्या तर लिहिणाराच चुकला. जुनी ग्वाही खोटी ठरली की ‘अमुक ओळ खोटी’ एवढेच म्हणे. नवी ग्वाही दोन्ही बाजूंचे आकडे दाखविते: इथे इतके हवे होते, इतके निघाले. काही वचने तर अशी की प्रोग्राम चालण्याची वाटही पाहायची नाही, तो बांधतानाच तपासून टाकायची. सी आणि सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून ही सोय आहे. त्याने मजुरीच्या यादीतल्या ग्वाह्या बाहेर पाठवितानाही चालू ठेवल्या. आम्ही विचारले, “याने काम मंदावेल का?” तो म्हणाला, “काका, तुम्ही चष्मा डोळ्यावर चढवाल तेवढ्यात होईल.”

सी प्लस प्लसच्या मंडळीने २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या पुढच्या मसुद्यात ग्वाहीची नवी व्यवस्था घातली, तीही त्या मुलानेच आम्हांला सांगितली. तिच्यात ग्वाही खोटी ठरली असता काय करायचे याचे चार पर्याय आहेत: तिकडे पाहूच नये, नोंद करून पुढे जावे, कळवून थांबावे, किंवा काही न बोलता तत्काळ थांबावे. आम्हांला हे आवडले. पूर्वी असणे आणि नसणे एवढेच होते. परंतु हे चार पर्याय ठरविणार कोण? लिहिणारा ठरविणार की विकणारा? की ज्याची मजुरी त्या यादीत आहे तो? आमच्या पुढच्या करारात आम्ही एक कलम घालावयाचे म्हणतो: वाचता न आलेला आकडा शून्य धरला जाणार नाही. मालकांच्या वकिलाने हे कलम तीनदा वाचले आणि विचारले, “यात मागणी काय आहे?”

पहारा फार कडक करण्याचाही एक धोका आहे. एका वृद्ध हमालाच्या जन्माचा दाखला जुन्या शाळेतला होता, त्यावर सन १३५२ होते. फसली सन. हैदराबाद राज्यात तोच चाले. त्यात ५९० मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे १९४२-४३. टंकणाऱ्याने जे दिसले ते टंकले. एका यंत्राने तो आकडा निमूट घेतला आणि त्यांचे वय पावणेसातशे वर्षे काढले. दुसऱ्या यंत्राने तो दाखलाच खोटा ठरविला, कारण त्याच्या पहाऱ्याला १९०० च्या आधीचा सन मान्य नव्हता. पहिले आंधळे आणि दुसरे अडाणी. पण दोघांत निवड करायची तर आम्ही दुसऱ्याला पसंत करू, कारण ते निदान बोलले. त्याच्याशी भांडता आले. दाखला घेऊन गेलो, फसली म्हणजे काय ते सांगितले, आणि काम झाले. मुलखाची रीत ठाऊक नसलेला पहारेकरी शिकविता येतो.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या प्रोग्रामांविषयी आम्ही बोलणार नाही, तो आमचा अधिकार नव्हे. पण आकडा वाचणे ही इतकी साधी गोष्ट असूनही जगातली भलीभली हत्यारे तेथे अडखळली आहेत. २०११ च्या आरंभी असे उघडकीस आले की दशांश चिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्ये असलेला एक विशिष्ट इवलासा आकडा वाचायला दिला की जावा भाषेचे वाचन-हत्यार एकाच जागी अखंड फिरत राही. पीएचपी ह्या भाषेचीही त्याच सुमारास तशीच गत झाली. दोन्ही दुरुस्त झाल्या. म्हणून टंकणाऱ्या पोराला हसू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

असो. आता त्या यादीचे काय झाले ते सांगून थांबतो. सत्तावीस जणांचे पैसे मिळाले, उशिरा मिळाले. चाळणीवरच्या बाईंना त्यांचे बाकीचे एक हजार दोनशे एकोणपन्नास मिळाले. तो कारकून आता दुसरीकडे कायम झाला आहे.

मागच्या हंगामात नवी यादी चढविली तेव्हा यंत्राने एकच ओळ अडविली. पडद्यावर आले: ओळ अडतीस, पोत्यांचा रकाना, ‘लाभ’ असे लिहिले आहे, वाचता आले नाही. टंकणारी मुलगी लातूरकडची, पण शहरात वाढलेली. ती घाबरून आमच्याकडे आली. तुम्हांला सर्वांना ठाऊक आहे, आपला मापाडी माप टाकताना एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, मग दोन, तीन. आमच्या म्हाताऱ्या मापाड्याने एका पोत्याच्या दिवशी वहीत तेच लिहिले होते आणि तिने इमानाने तसेच उतरविले. पुण्याला फोन केला. मुलगा म्हणाला, “काका, लाभ म्हणजे एक असे यंत्राला शिकवून टाकू का? पाच मिनिटांचे काम आहे.” आम्ही म्हातारबाबांना विचारले. ते म्हणाले, “नको. इचारू दे त्याला.” मुलीने एक लिहिला, यादी पुढे गेली, आणि त्या एका पोत्याची तोलाई त्यांच्या खात्यावर जमा झाली.